उमराव बोपचेच्या घरचा लाल दिवा

ऐन धानकापणीत आमच्या गावात दुपारी माणूस सापडत नाही. सगळं गाव धानाच्या बांध्यांमध्ये असतं. पण त्या दुपारी उमराव बोपचेच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कमरेला विळे खोचून तशाच आल्या होत्या. म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या होत्या, बाकीचे अंगणात उन्हात उभे होते. आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या एका पांढऱ्या डबीवर लागले होते.

डबी इंटरनेटची होती. तिच्यावर एक लाल दिवा लुकलुकत होता. डबीखाली पाट, पाटावर हिमांशूचा हार घातलेला फोटो आणि फोटोपुढे त्याचा मोबाइल, चार्जरला लावलेला. समोर चंद्रकुमार महाराज मांडी घालून बसले होते. गोंदियाकडून भाड्याच्या गाडीनं येत. एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसऱ्या हातात तांब्या.

"शरीर म्हंजे काय?" महाराजांनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "शरीर म्हंजे डबा. डबा खराब झाला. पर आत्मा? आत्मा म्हंजे सिग्नल. सिग्नल कभी मरता है क्या? टॉवर पडला तरी सिग्नल हवेत असतेच. तुमचा हिमांशू हवेत आहे. लाल दिवा म्हंजे तो अडकून राहिला. मी त्याला रस्ता देऊन राहिलो."

मग मंत्र सुरू झाले. त्यात संस्कृत किती होतं मला माहीत नाही, 'नेटवर्काय नमः' मात्र मी या कानांनी ऐकलं. तासभर हे चाललं. साडेबाराच्या सुमाराला लाल दिवा गेला, हिरवा लागला आणि पाटावरचा मोबाइल वाजायला लागला. टिंग. टिंग. टिंग. थांबेचना. बायकांनी हात जोडले. शेजारची शामकला तर जमिनीवर आडवी झाली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय म्हणून राहिला पोट्टा? महाराजांनी डोळे मिटूनच सांगितलं की बोलून राहिला, पण त्याची भाषा आता वेगळी आहे. मोबाइलला कुलूप होतं आणि त्याचा आकडा हिमांशूबरोबरच गेला होता, म्हणून वाचायला कोणाला येत नव्हतं. महाराजांच्या पथ्यावरच पडलं.

मी मागे खांबाला टेकून उभा होतो. मी दुर्गाप्रसाद रहांगडाले. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लाइनमन होतो. सालेकशापासून दरेकशाच्या जंगलापर्यंतचा खांब न् खांब मला पाठ होता. आता त्या तारा गेल्या, खांबही भंगारात गेले, मी तेवढा राहिलो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मला कशाचं फारसं काही वाटत नाही. राग तेवढा येतो, आणि त्या दिवशी आला होता.

हिमांशू हा उमरावचा एकुलता एक मुलगा. एकतीस वर्षांचा. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. चार महिने गोंदियाला नेणं-आणणं चाललं आणि भाद्रपदात तो गेला. या घरात तेव्हापासून मी कोणाला रडताना पाहिलं नाही. उमराव सकाळी बांधीवर जायचा, संध्याकाळी यायचा, विचारलं तर 'हो' म्हणायचा. काहीही विचारलं तरी 'हो'. त्याची बायको चंद्रकांता घरातलं सगळं करायची, पण तिच्याशी बोललं की ती आपल्याकडे पाहून दुसरंच काही ऐकत असल्यासारखं वाटायचं. सून रीता सकाळी नऊ वाजता समोरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची. नागपूरच्या एका तपासणी केंद्राचे रिपोर्ट ती घरून कॉम्प्युटरवर चढवायची. त्यासाठीच हिमांशूनं आजारपणाच्या आधी हे नेट घेतलं होतं.

तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी सकाळी डबी लाल झाली. दुपारी आपोआप हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता गावाला आणखी काय पाहिजे? मेलेल्याची डबी, मेलेल्याचा मोबाइल, आणि बरोबर चौदावा दिवस. महाराज यायच्या आधीच निम्म्या गावानं निकाल लावून टाकला होता. महाराजांनी येऊन फक्त सही केली.

एक गोष्ट मी नीट पाहिली होती. पहिल्या दिवशी आल्याबरोबर महाराजांनी उमरावला बाजूला घेऊन विचारलं होतं की दिवा केव्हा जातो आणि केव्हा येतो. उमरावनं सरळ सांगितलं, सकाळी जाते, दुपारी येते. मग महाराज रोज साडेअकराला बसायला लागले. ऊन कडक असलं तर तासाभरात आत्मा यायचा. एकदा आभाळ होतं तेव्हा चार वाजले, महाराजांचा घसा बसला, दोनदा चहा झाला, आणि त्यांनी सांगितलं की आज तो रागात आहे. गुरुवारी तर डबी लाल व्हायचीच नाही. महाराज म्हणाले, गुरुवार गुरूचा वार, त्या दिवशी मी त्याला घरी बसून बांधून ठेवतो. ते ऐकून लोकांची श्रद्धा दुप्पट झाली.

इथपर्यंत मी गप्प होतो. एखाद्या घराला दुःखात कशाचा आधार वाटत असेल तर आपण कशाला मध्ये पडावं, असं मला वाटायचं. हे माझं चुकलं. कारण त्या दुपारी टिंग-टिंग थांबल्यावर महाराजांनी तांब्या खाली ठेवला आणि उमरावला सांगितलं की हिमांशूला मुक्ती मिळत नाही याचं कारण त्याची बायको. ती रोज त्या मशीनपुढे बसते, त्याला खाली ओढते. येत्या मंगळवारी तिला माहेरी पाठवा. डबी आणि मोबाइल मी माझ्या मठात नेतो, तिथून त्याला वर सोडतो.

उमराव म्हणाला, "हो."

रीता दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. तिच्या माहेरी तिरोड्याकडे दोन भाऊ, दोघांची लेकरं, दोन खोल्यांचं घर. तिथे तिला कोणी हाकलून दिलं नसतं, पण जागाही नव्हती. आणि तिला इथेच राहायचं होतं. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, सुकलेल्या तोंडानं, जसं कोणी रेशनच्या दुकानाचा पत्ता सांगतं. म्हणाली, काकाजी, या घरात ते होते, मले इथंच राहाचं आहे, पन नेट असंच राहिलं तर माहं काम जाते, आन काम गेलं तर मले ठेवाले मामाजीकडे दुसरं कारनच उरत नाही. मामाजी म्हणजे उमराव, तिचा सासरा.

मी म्हटलं, पोरी, मी तांब्याच्या तारांचा माणूस, ही काचेची तार, मला काय कळतं? पण पाहतो.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. लखन त्याचं नाव, भला पोरगा, गोंदियाहून मोटरसायकलवर येतो. सकाळी तक्रार केली की त्याला इथे पोचायला दीड-दोन वाजतात. तोवर डबी हिरवी. त्यानं दोन्ही वेळा यंत्र लावून पाहिलं आणि सांगितलं, "काकाजी, लाइन तो एकदम ओके है." खोटं बोलला नाही. त्या वेळी लाइन ओकेच होती. फोनवर विचारलं तर कंपनीवाल्या बाई सांगत, डबी बंद करून चालू करा. रीतानं ती इतक्या वेळा बंद-चालू केली होती की बटण ढिलं झालं होतं.

मी आधी डबीचा चार्जर बदलला. फरक नाही. प्लग काढून दुसऱ्या बोर्डावर लावला. फरक नाही. मग मला वाटलं विहिरीची मोटर. सकाळी मोटर सुरू होते, विजेचा दाब कमी होतो, डबी मरते. दोन दिवस मोटर बंद ठेवायला लावली, सगळ्यांनी बादलीनं पाणी शेंदलं. साडेनऊला डबी लाल. उमरावनं मला एका शब्दानं विचारलं नाही की भाऊ, हे काय करून राहिले. त्यानं बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी रीतानं मला कॅलेंडर दाखवलं. कंपनीनं सांगितलं होतं म्हणून ती रोज लिहून ठेवायची, किती वाजता गेलं, किती वाजता आलं. दोन महिन्यांचे आकडे होते. सकाळी नऊ ते दहाच्या मध्ये जायचं. उन्हाच्या दिवशी साडेबारा-एक, ढगाच्या दिवशी तीन-चार वाजता यायचं. आणि गुरुवारचा सगळा रकाना कोरा. मी बराच वेळ पाहत बसलो. महाराज गावात आले ते दिवाळीच्या चार दिवस आधी. पण गुरुवार त्याच्या आधीपासून कोरे होते. महाराज यायच्या आधी सहा गुरुवार हिमांशूला कोणी बांधून ठेवलं होतं?

मी रीताला विचारलं, तुमच्या घरी गुरुवारी काय होत नाही?

तिनं विचार केला. म्हणाली, "गुरुवारी आमच्याकडे धुनं धूत नाहीत. साबन लावत नाहीत. आत्याबाईले चालत नाही." आत्याबाई म्हणजे तिची सासू.

धुण्याचा आणि नेटचा काय संबंध, ते मला त्या वेळी कळलं नाही. पण एक गोष्ट कळली आणि माझी मलाच लाज वाटली. बत्तीस वर्षांत मी एकाही नवीन पोराला आधी यंत्र उघडू दिलं नव्हतं. फॉल्ट शोधायचा तर पहिल्यांदा लाइन पायानं चालायची. खांबापासून घरापर्यंत, वर पाहत. इथे मी सगळं केलं, तेवढंच केलं नाही. कारण तार मागच्या गल्लीतल्या खांबावरून उमरावच्या सांदवाडीतून येते, आणि घरामागची ही वाडी म्हणजे बायकांचा राबता. दुःखाच्या घरी तिकडे जाणं मला बरं वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला मी मागच्या गल्लीत गेलो. खांबावरून काळी तार निघाली होती. तिच्याखालून चालत मी सांदवाडीत शिरलो. पपई, केळी, मग पुरुषभर उंचीची तूर. तुरीच्या मागे, घरातून अजिबात दिसणार नाही अशा ठिकाणी, त्या तारेवर एक जाड सोलापुरी चादर वाळत घातली होती. ओली चिंब, खालून पाणी ठिबकत होतं. तारेला चांगला झोळ पडला होता. आणि घराच्या भिंतीशी, जिथे तार खिळ्याला वळसा घेऊन छपराच्या कवेलूखालून आत शिरते, तिथे ती मोडल्यासारखी वाकली होती.

मी तिथूनच लखनला फोन लावला. जे दिसत होतं ते सांगितलं.  तो म्हणाला, काकाजी, तारेच्या आत केसाएवढी काच असते, तिच्यातून उजेड जातो, तार अशी वाकली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो, पुढे डबीपर्यंत पोचत नाही. चादर वाळली, ओझं उतरलं की तार सुटते, मिनिटभरात डबी हिरवी. मी फोन खिशात ठेवला. चंद्रकांता चादरीच्या पलीकडे उभी होती.

"वयनी, ही चादर कोनाची?"

 "तेची," ती म्हणाली.

आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढतात. ठेवत नाहीत. ठेवलं तर घराला लागतं असं म्हणतात. उमरावच्या भाऊबंदांनी हिमांशूची गादी, उशी, कपडे, सगळं नदीवर नेलं होतं. ही चादर चंद्रकांतानं धानाच्या ढोलीत लपवली होती. आजारपणात त्याला रोज उलट्या व्हायच्या, रोज ती चादर धुवावी लागायची. तो गेला, तेरवी झाली, आणि चौदाव्या दिवशी तिनं चादर ढोलीतून काढली आणि धुतली. मग रोजच. अंगणातल्या दोरीवर टाकली असती तर लोकांना दिसली असती, म्हणून मागे. दोरी समजून, त्या काळ्या तारेवर.

"वास जात नाही जी तिचा," ती म्हणाली. "रोज धुतो, जात नाही."

मी चादरीजवळ गेलो. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा इतकं वाईट वाटलं आणि मी वर तारेकडे पाहत राहिलो.

मग मी तिला सगळं सांगितलं. तार, खिळा, उजेड. ती मान हलवत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं दोनच प्रश्न विचारले.

"म्हंजे तो येत नाही."

"नाही, वयनी."

"मंग मोबाइल कोन वाजवते?"

मी सांगितलं, मोबाइलचं रिचार्ज संपलं, त्याला आता फक्त या डबीचं नेट मिळते. सकाळपासून डबी बंद, तेवढ्या वेळचे मेसेज अडकून राहतात. तेच्या दोस्तायचे, धानाच्या भावाचे, कोनाच्या वाढदिवसाचे. नेट आलं की सगळे एकदम येतात.

ती चादरीची कड पिळत राहिली. पाणी तिच्या पायांवर पडत होतं. "मले वाटे, मले आवाज देऊन राहिला," ती म्हणाली. "दुपारपर्यंत मी तेवढ्यासाठीच बसून राहो."

 मी तिला म्हटलं, वयनी, मी कोनाले सांगत नाही. मेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवलं हे भाऊबंदांना कळलं तर ते तुम्हाला सोडणार नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही सांगाल तर सांगीन, नाही तर ही तार मी आज उंच बांधून टाकतो आणि जातो. पन रीताचा भाऊ गाडी घेऊन आला आहे. तिची पेटी भरली आहे.

ती चादरीकडे वळली. मी पुढच्या दारानं ओसरीत आलो.

महाराज साडेअकराला आले. गर्दी आधीच जमली होती, आज तर आत्म्याला मठात न्यायचं होतं. रीता पेटीवर बसून होती, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. तिचा भाऊ गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा. डबी लाल. महाराजांनी आधी चहा मागितला. बशीत ओतून घेतला आणि लोकांना सांगितलं की आजची विद्या कठीण आहे, दोन तास लागतील, कोणी मध्ये उठू नका.

चंद्रकांता आतून आली. एवढ्या माणसांत ती दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली. "थांबा जी महाराज. मंत्र म्हनू नका."

आणि ती मागे निघून गेली. महाराजांनी बशी तोंडाला लावली होती ती तशीच राहिली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी डबीकडे पाहत होतो. मिनिटभर गेलं असेल. लाल दिवा गेला. हिरवा लागला. टिंग. टिंग.

महाराजांनी बशी ठेवली आणि दोन्ही हात वर केले. म्हणाले, "देखा! आज बिना मंत्र के आया! मला पाहूनच आला!" काहींनी हात जोडलेही.

तेवढ्यात चंद्रकांता खांद्यावर ओली चादर घेऊन आली. सगळ्या लुगड्याला पाणी लागलं होतं. तिनं शामकलेचा हात धरला, तिला उठवलं, मागे नेलं आणि तारेखाली उभं केलं. लोक मागच्या दाराशी लोटले. "टाक," ती शामकलेला म्हणाली. शामकलेनं चादर तारेवर टाकली. ओसरीतून कोणीतरी ओरडलं की लाल झाली. "काढ." काढली. मिनिटानं हिरवी. "टाक." पुन्हा लाल. शामकला बिचारी घाबरून गेली होती, तिनं तीनदा टाकली, तीनदा काढली, आणि तीनही वेळा डबीनं तेच केलं. शामकलेला ना मंत्र येत होता ना तिच्या हातात कुंचा होता.

महाराज कच्चे नव्हते. त्यांनी चादर पाहिली, कोणाची असेल हे ओळखलं आणि दारातूनच म्हणाले की मी काय सांगत होतो, आत्मा चादरमध्ये आहे, चादरही मठात न्यावी लागेल.  मला दिसत होतं, अर्ध्या लोकांना हेही पटत होतं. भाऊबंदांपैकी एक जण चंद्रकांतेकडे डोळे वटारून पाहायला लागला.

मी धानाचा रिकामा बारदाना उचलला, टाक्यात बुडवला आणि तसाच निथळता तारेवर टाकला. डबी लाल झाली. मी म्हटलं, महाराज, हा बारदाना काल राइस मिलमधून आला, याच्यात कोनाचा आत्मा आहे ते सांगा. मागून कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले. त्या हसण्यात मजा काही नव्हती, पण ते पुरेसं झालं. मी खिळा दाखवला, वाकलेली तार दाखवली, उजेड कसा सांडतो ते सांगितलं. मोबाइल का वाजतो तेही सांगितलं. गुरुवारी या घरात धुणं होत नाही, हे तर गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ते ऐकल्यावर बायकाच आपसात बोलायला लागल्या.

"चादर मी धुवो," चंद्रकांता म्हणाली. "रोज. मीच टाको, मीच काढो. तिचं काही नाही त्यात." तिनं रीताकडे बोट केलं. "महाराज, माहा पोरगा येत नाही. तुमालेही माहीत हाय तो येत नाही. माह्या सुनेले कुठी नेऊ नका."

महाराज पाटावरचं सामान गोळा करायला लागले. कुंचा, तांब्या, लिंबं. डबीकडे हात गेला तेव्हा उमराव पुढे झाला आणि त्यानं तो हात धरून बाजूला केला. "हे राहू द्या," तो म्हणाला. 'हो' सोडून दुसरं काही मी त्याच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी ऐकलं. रीताच्या भावाला त्यानं सांगितलं की जेवून जा, पेटी इथंच राहील. डोळे वटारणारा भाऊबंद चादरीचं काय म्हणून विचारायला लागला, तर उमराव म्हणाला की तिची तिला ठेवू दे. महाराज गेले ते आमच्या गावात पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या कुठल्या गावात जाऊन बसले असतील, त्यांना काय, डबे सगळीकडे आहेत.

लखन दुसऱ्या दिवशी आला. खिळा काढला, तार उंच घेतली, नीट पकडीत बसवली. आता डबी हिरवी असते. रीता नऊ वाजता कामाला बसते.

या गोष्टीत मी हुशारी केली असं गाव म्हणतं. मी काहीच केलं नाही. जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते दोन महिन्यांनी केलं. तुमच्या घरी दिवा जात असेल, ताप उतरत नसेल, ढोर आटलं असेल, तर कोणाला बोलावण्याआधी चार दिवस लिहून ठेवा, केव्हा होतं आणि केव्हा होत नाही. मग तार कुठून येते ते पायानं चालत जाऊन पाहा. एकानं करून दाखवलेला चमत्कार दुसऱ्याला करायला लावा. त्याच्या हातून झाला तर तो चमत्कार नाही. याला शिक्षण लागत नाही. शामकला अंगठा उठवते, तिला जमलं.

आणि तरी कोणाला वाटत असेल की आपला विश्वास सोडणं फार कठीण असतं, तर त्यानं चंद्रकांतेकडे पाहावं. आमच्यापैकी कोणाचं काय जात होतं? एक महाराज जात होते. तिचा तर मुलगा रोज दुपारी साडेबारा वाजता येत होता. तिला गप्प बसता आलं असतं, मी तिला तसं सांगितलंही होतं. सून गेली असती, डबी गेली असती, आणि तिच्या मनात तो मठात का होईना, कुठेतरी बोलत राहिला असता. तिनं ते सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं तारेवरून काढलं, कारण ते खोटं होतं आणि त्या खोट्यापायी एक जिवंत पोर घराबाहेर जात होती. त्या संध्याकाळी मी तार उंच बांधायला मागे गेलो तेव्हा ती तुरीत बसून रडत होती, मोठ्यानं, भाद्रपदानंतर पहिल्यांदा, आणि रीता तिला धरून बसली होती. मी शिडी उचलली आणि परत आलो. ते काम सकाळी करता येण्यासारखं होतं.